बारा गणपती आणि एक फ्लॉपी

सांगलीहून पेणला फोटोग्राफी शिकवायला कुणी जातं का, हा प्रश्न परत आल्यापासून मला निदान वीस जणांनी विचारला. त्यातल्या पंधरा जणांना पेण कुठे आहे हे माहीत नव्हतं आणि उरलेल्या पाचांना फोटोग्राफी शिकवावी लागते हे मान्य नव्हतं. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे कागद हातात देईन आणि माझ्या कामाला लागेन.

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं मी लग्नं, मुंजी, बारशी आणि पासपोर्टवरचे घाबरलेले चेहरे काढत आलो. पुण्यात कॅमेऱ्यांचे एक व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुरुवातीला त्यांनी परदेशातून काही डिजिटल कॅमेरे मागवले. रोल नाही, धुलाई नाही, फोटो थेट फ्लॉपीवर. ती फ्लॉपी कॅमेऱ्याच्या पोटातच जायची, त्यामुळे त्याचं वजन अर्ध्या विटेएवढं होतं. कुणी तो घेईना. तेव्हा व्यापाऱ्यांनी डोकं चालवलं की गावोगावी नवशिक्यांना शिकवायला माणूस पाठवायचा, म्हणजे शिकलेले लोक आपोआप गिऱ्हाईक होतील. चार फोटोग्राफरांनी नकार दिला. पाचवा मी, आणि मला वेळेवर काही सबब सुचली नाही. माझ्या हाती एक कॅमेरा, दहा फ्लॉप्या आणि एक माहितीपुस्तिका पडली. पुस्तिका जपानी भाषेत होती. निघायला आठ दिवस होते. तेवढ्यात चित्रं बघून जे कळलं ते शिकलो आणि तज्ज्ञ म्हणून एसटीत बसलो.

पेण, गुरुवार

पेणमध्ये कारखाना म्हटलं की धुराडं शोधायचं नसतं, तिथे गणपती असतात. माझा वर्ग दत्ताभाऊंच्या कारखान्यात होता. लांबलचक पत्र्याची शेड, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्यांवर गणपतीच गणपती. काही नुसते पांढरे, काहींना पीतांबर नेसवून झालेलं, काहींचे डोळे झालेले. मला ज्या स्टुलावर बसवलं त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्याच उंचीच्या मूर्ती होत्या. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि दहा दिवसांत जातो. त्यामुळे माघात चारशे गणपतींच्या मधोमध बसून चहा प्यायची मला सवय नव्हती. मी बशीत चहा ओतला तरी सगळे बघत होते.

"मास्तर, पाय जपून," दत्ताभाऊ म्हणाले. पन्नाशीचे गृहस्थ, लेंगा मूळचा पांढरा असावा, कानावर ब्रश. "डावीकडचा ओला हाय. उजवीकडं टेकलात तरी चालंल, पर नमस्कार करून टेका."

पाच नावं नोंदवली होती, त्यातले तीन विद्यार्थी आले. एक स्वतः दत्ताभाऊ. दुसऱ्या त्यांच्या वहिनी सुमनकाकू, वय साठीच्या आसपास, या कारखान्यातल्या प्रत्येक मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, त्यांच्याकडे. तिसरा हरिश्चंद्र म्हात्रे, खाडीकडच्या मिठागरावरचा मुकादम. त्याची तक्रार अशी की मिठाच्या राशीपुढे माणूस उभा करून फोटो काढला की रास पांढरी येते आणि माणूस काळा ठिक्कर. "माजा बापूस वलखू येत नाय फोटोत," तो म्हणाला. "आई बोलते, ह्यो कोन?"

मला हायसं वाटलं. हे दुखणं मला ठाऊक होतं. मी फळ्यावर लिहावं तशा थाटात सांगायला सुरुवात केली. कोपर अंगाशी धरा. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा. जवळ जा, आणखी जवळ जा. मागे काय आहे ते बघा, नाहीतर माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवतो. आणि शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. "रोलचे दिवस गेले. आता फोटो फुकट. एकाचे दहा काढा, त्यातला चांगला ठेवा, नऊ पुसून टाका."

"फुकट?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"अगदी फुकट."

चहाच्या दुसऱ्या फेरीला मला खरी गोष्ट कळली. हा वर्ग त्यांनी हौसेनं ठेवला नव्हता. मस्कतला मराठी लोकांचं एक मंडळ आहे. ते दरवर्षी भारतातून मूर्ती नेतात, मंडळाची आणि सभासदांच्या घरची मिळून मोठी मागणी असते. गेल्या वर्षी दत्ताभाऊंनी साध्या कॅमेऱ्यानं फ्लॅश मारून फोटो काढले आणि पोस्टानं पाठवले. मंडळाचे चिटणीस पाटणकर यांचं उत्तर आलं की मूर्ती सुबक आहेत, पण डोळ्यांत भाव नाहीत. मागणी मुंबईच्या कारखान्याला गेली. या वर्षी दत्ताभाऊंनी पुन्हा विचारलं तेव्हा पाटणकरांनी कळवलं की बारा नमुन्यांचे फोटो ई-मेलनं पाठवा. शनिवारी तुमच्या वेळेनं दुपारी एकला आमची बैठक आहे, त्याआधी यायला हवेत. पेणला त्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि गावात इंटरनेट कुणाकडे नव्हतं. दत्ताभाऊंचे साडू विलासराव रोह्याला राहतात, त्यांच्याकडे इंटरनेट होतं.

"डोळ्यांत भाव नाहीत," सुमनकाकूंनी ते वाक्य म्हणून दाखवलं. अगदी छापल्यासारखं. "एकतीस वर्षं आखणी करतेय मी. मुंबईची मानसं डोळं बघून मूर्ती नेतात. त्या फोटोत डोळ्याच्या जागी नुसतं पांढरं ठिपकं हुतं. या वेळेला पन त्यांनी नाय म्हनलं, तर म्या ब्रश ठेवनार. दत्ताला सांगून ठेवलंय."

 त्या काही रागानं बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मी जेवायला गेलो. दत्ताभाऊंच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेले पोह्याचे पापड होते. तांदळाची भाकरी मला कधी भाकरी वाटली नाही. भाकरी कशी, मोडताना आवाज व्हायला हवा. ही नुसती दुमडते. पण बिरडं असं झालं होतं की मी चार दुमडून खाल्ल्या, वर सात पापड, आणि मग ओसरीवर जरा पाठ टेकली. कॅमेरा आणि फ्लॉप्या मी विद्यार्थ्यांकडे ठेवून आलो होतो. सराव करा म्हणून सांगितलं होतं.

दोन तासांनी परत गेलो तर तिघंही खुशीत.

"मास्तर, संपलं!" म्हात्रे म्हणाला.

"काय संपलं?"

"फ्लाप्या. धाच्या धा भरल्या."

एका फ्लॉपीत वीस फोटो मावत. म्हणजे दोनशे. मी एकेक पडद्यावर बघू लागलो. सोंड कापलेले गणपती, मुकुट कापलेले गणपती, तिरके, हललेले, फ्लॅशनं उजळून निघालेले, एकात गणपती कोपऱ्यात आणि बाकी सगळी दत्ताभाऊंची पाण्याची बादली. मी हसलो. नवशिके असेच असतात. "हरकत नाही," मी म्हटलं, "आता गंमत बघा. हे सगळं पुसायचं आणि नव्यानं सुरुवात."

सुमनकाकूंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"गनपती पुसायचा?" दत्ताभाऊंनी हळू आवाजात विचारलं.

"गणपती नाही, फोटो."

"फोटो कुनाचा हाय?"

सुमनकाकूंनी मला समजावून सांगितलं, अगदी न रागावता. त्यांच्या कारखान्यात एक रीत आहे. डोळे काढायच्या आधी मूर्ती फुटली तर ती माती. परत भिजत घालायची, तुडवायची, नवी करायची. पण एकदा डोळे झाले की तो बघायला लागतो. मग तडा गेला, कान तुटला, काहीही झालं तरी त्याला मोडायचं नाही. फुलं वाहून खाडीत सोडायचा.

"अहो, पण प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्तीच असते," मी शास्त्र काढलं.

"ते भटजींचं. आमच्या हातातून जातो तवा डोळं उघडलेलं असतात."

मी वाद घातला. सांगलीत माझा वाद घालण्यात बऱ्यापैकी लौकिक आहे. इथे मात्र चारशे साक्षीदार त्यांच्या बाजूचे होते. शेवटी तडजोड निघाली. ज्या फोटोत डोळे दिसत नाहीत तो माती, तो पुसायला हरकत नाही. ज्यात दिसतात तो देव. मग सुमनकाकू चष्मा लावून दोनशे फोटोंची छाननी करायला बसल्या.

"हा हललाय काकू, ह्यात काही दिसत नाही."

"दिसतात की. चार हायत डोळं."

संध्याकाळपर्यंत दोनशेतून सात फोटो माती ठरले. सहांमध्ये म्हात्रेचं बोट होतं आणि एकात पंखा. म्हणजे जागा सात, गणपती बारा आणि हातात एक दिवस. दत्ताभाऊंनी सुचवलं की भरलेल्या फ्लॉप्यांचं रीतसर विसर्जन करावं, म्हणजे दोष लागणार नाही. मी म्हटलं, त्यानं नव्या फ्लॉप्या कशा येतील? यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ते खरं हाय."

पेण, शुक्रवार

आता जे लिहितो आहे ते माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सकाळी सहाला लॉजच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि कॅमेरा काढला. बेत साधा होता. एक फ्लॉपी गुपचूप रिकामी करायची आणि रात्रीतून सापडली म्हणून सांगायचं. मी देवभोळा नाही. घरी पूजा बायको करते, मी प्रसादापुरता.

पहिला फोटो उघडला. दत्ताभाऊंनी काढलेला, इतका वाईट की शिकवताना उदाहरण म्हणून दाखवावा. अर्धा कान, एक डोळा आणि भिंत. पुसायचं बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की? मी अंगठा ठेवला. तो डोळा माझ्याकडे बघत होता. कटाक्ष वगैरे काही नाही, आपण शेजाऱ्याकडे बघतो तसा साधा बघत होता, जणू काय करतोस एवढंच विचारत होता. मी दुसरा फोटो लावला. तो तर समोरूनच बघत होता. मी कॅमेरा उशीखाली ठेवला, आंघोळ करून आलो, पुन्हा काढला. आंघोळीनं काहीही फरक पडला नाही. सव्वीस वर्षांत हजारो निगेटिव्ह मी कचऱ्यात टाकल्या, त्यात माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातल्याही होत्या. पण त्या खोलीत माझा अंगठा काही खाली जाईना. मला माझी फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

मग मी शर्ट घालून फ्लॉपी शोधायला बाहेर पडलो. एका स्टेशनरीच्या दुकानात फ्लॉपी म्हणजे काय इथपासून सुरुवात झाली. दुसऱ्यानं आणून देतो म्हणून सोमवारचा वायदा केला. अखेर एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी कपाटातून सहा काढल्या. पाचांना खाडीच्या दमट हवेनं बुरशी आली होती. सहाव्या फ्लॉपीवर विद्यार्थ्यांनी केलेली पगारपत्रकं होती. ती पुसायला कुणाचीच ना नव्हती.

कालच्या सात जागा वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर विखुरलेल्या होत्या, म्हणून त्या हिशेबात धरल्या नाहीत. वीस जागा, बारा गणपती. आठ चुका माफ. हे मी वर्गात जाहीर केलं तेव्हा म्हात्रेनं दोन्ही हात खिशात घातले.

पहिली चूक मीच केली. फ्लॅश बंद करायला विसरलो आणि गेल्या वर्षीचे पांढरे ठिपके जसेच्या तसे आले. काकूंनी पडद्यावर ते बघितले आणि उठून शेडचं पूर्वेकडचं दार उघडलं. "मी हितं बसून आखणी करते," त्या म्हणाल्या. "ऊन बाजूनं येतं. समोरनं आलं तर मला डोळा दिसतच नाय, तुमच्या मशीनला कसा दिसंल?" प्रकाश बाजूनं घ्यावा हे मी पुढच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. ते त्यांनी माझ्या आधीच शिकवलं.

पण बाजूच्या उन्हात एक गाल उजळला आणि दुसऱ्या बाजूच्या डोळ्यावर सावली पडली. दुसरी चूक, तिसरी चूक. मी थर्माकोलचा पत्रा मागितला. आमच्या स्टुडिओत पांढरा थर्माकोल धरून आम्ही उजेड सावलीकडे परतवतो. थर्माकोल नव्हता. चादर होती, पण तिच्यावर रंगांचे इतके डाग होते की गणपती हिरवा दिसला. चौथी चूक.

"मास्तर, मीठ आनू?" म्हात्रेनं विचारलं.

"कशाला?"

"मिठावर ऊन परला का खालशी तोंड उजलतंय. आमी टोपी घालून काय फायदा, हनुवटी भाजते आमची."

मी हसण्यावारी नेलं. तो सायकल घेऊन गेलासुद्धा. तासाभरानं अर्धं पोतं जाड मीठ घेऊन आला, ते दोन मोठ्या परातींत पसरलं आणि पराती सावलीच्या बाजूला गणपतीच्या पायाशी लावल्या. आणि काय सांगू! खालून असा मऊ उजेड चढला की दोन्ही डोळे उघडल्यासारखे झाले. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत मी बरीच सामग्री पाहिली आहे. असलं काही पाहिलं नाही. मीठ मिठागरात ज्याचा चेहरा काळा करतं, परातीत त्याचाच उजळ करतं, हे म्हात्रेला तिथल्या तिथे कळलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे बापसाला मिठाकडं तोंड करून उभा केला पायजेल!" सगळ्या वर्गात एवढा एकच विद्यार्थी माझ्यामुळे शिकला असं मी म्हणू शकतो, आणि तोही माझ्यामुळे शिकला नव्हता.

मग आम्ही ओळीनं गणपती आणून बसवू लागलो. दत्ताभाऊ उचलून आणायचे, म्हात्रे पराती सरकवायचा. मी दोन काढले, दत्ताभाऊंनी दोन. माझा एक हलला. पाचवी चूक. तेव्हा काकूंनी हात पुढे केला. "द्या हिकडं."

त्यांनी कॅमेरा छातीशी घेतला, कोपर अंगाशी, आणि श्वास धरला. दाबलं. मग सोडला. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? "बुबुळ काढताना श्वास घेतला तर गनपती तिरळा हुतो," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत एक पन तिरळा नाय झाला." उरलेले सगळे त्यांनी काढले. एकही चूक झाली नाही. फोटो काढताना त्या अख्ख्या मूर्तीकडे बघत नव्हत्या, डोळ्यांकडे बघत होत्या, आणि डोळे जिथे साफ तिथे बाकीचं आपोआप जागेवर बसत होतं. चेहऱ्याचा फोटो काढताना नजर डोळ्यांवर धरा, हा धडा मी आता माझ्या स्टुडिओत कामाला येणाऱ्या प्रत्येकाला देतो. कुणाकडून शिकलो ते सांगतो.

रोहा, शनिवार

सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो, मी, दत्ताभाऊ आणि काकू. म्हात्रेला मिठागर सोडवत नव्हतं. फ्लॉपी मी खिशात ठेवणार होतो. ते काकूंना पटलं नाही. मूर्ती घरी नेताना तोंडावर रुमाल झाकतात, तसा त्यांनी फ्लॉपीला कोरा रुमाल गुंडाळला, ती एका ताटलीत ठेवली आणि ताटली मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. हे मी ताटलीतल्या फ्लॉपीबद्दल लिहितो आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

कासूला एक आजी चढल्या. "काय नेतांव गो?" त्यांनी विचारलं.

"गनपती," काकू म्हणाल्या.

"रुमालात?"

"बारा हायत."

आजींनी जराही आश्चर्य न दाखवता चप्पल काढून पाय वर घेतले. डब्यात बातमी पसरली. समोरच्या बाकावरचे तिघे उठून उभे राहिले, एकानं विडी विझवली. कुणीतरी मोगऱ्याचा गजरा पुढे केला. मी नको नको म्हणेपर्यंत तो ताटलीत होता. बाहेर भातखाचरं वाळून पिवळी पडली होती आणि त्यांत वालाचे हिरवे पट्टे दिसत होते. दूर नागोठण्याच्या कंपनीची धुराडी. मी जरा बाहेर बघायला लागलो, तेवढ्यात नागोठण्याला चढलेल्या एका बाईंनी रुमालाचं टोक उचललं आणि फ्लॉपीला हळदकुंकू लावलं.

मी ओरडलो. गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. एवढ्या चांगल्या बाईंवर ओरडणारा माणूस कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. फ्लॉपीच्या सरकत्या पत्र्याखाली कुंकू गेलं होतं. रोहा येईपर्यंत मी ताटलीवर दोन्ही हात धरून बसलो.

विलासराव रात्रपाळी करून आले होते, डोळे तारवटलेले, पण इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. रोह्याला दुपारी माझा दुसरा वर्ग होता आणि त्यांच्या कंपनीतले तिघे जण वह्या घेऊन सकाळपासूनच येऊन बसले होते. मी त्यांना पार विसरलो. ते पुढचे तीन तास निमूट बसून होते, मधे एकानं वहीत काहीतरी लिहिलंही.

कॉम्प्युटरनं फ्लॉपी वाचायला नकार दिला. दत्ताभाऊंनी कानावरचा ब्रश काढला, आखणीपूर्वी मूर्तीवरची धूळ झटकायचा तो मऊ केसांचा ब्रश, आणि पत्रा सरकवून एकेक कण टिपला.   चौथ्यांदा घातली तेव्हा घरघर झाली आणि पडद्यावर सतरा नावं आली, बारा गणपती आणि पाच चुका. काकूंनी नुसतं "हां" म्हटलं.

मग फोन. इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं आणि रोह्याहून ती तार बरीच लांब जात असावी. विलासरावांनी बाराही फोटो एकत्र जोडून पाठवायला लावले. अकरा वाजले, अर्धे गेले आणि लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. पावणेबाराला तुटली. सव्वाबाराला तर शेवट जवळ आला असताना शेजारून कुणीतरी फोनचा एक्स्टेन्शन उचलून "हॅलो, कोन?" म्हणालं आणि सगळं गेलं. घड्याळात साडेबारा झाले.

"एकच पाठवू," मी म्हटलं. "एक तरी जाईल."

"मग सिंहासनवाला पाठवा," दत्ताभाऊ म्हणाले. "सगळ्यात मोठा हाय. त्यावर दागिने बी हायत."

काकूंनी एकेक फोटो उघडून बघितला. घाईची वेळ होती, त्यांनी घाई केली नाही. नवव्यापाशी थांबल्या. लहानसा, बसका, मुकुटाऐवजी साधं पागोटं घातलेला गणपती. त्याच्यामागे आमची एक परात थोडी दिसत होती, ती फोटोची चूकच.

"ह्यो."

"वैनी, त्याच्यात काय हाय? हातभर बी नाय."

"डोळं बघून नाय म्हनले हुते ना ते? मग डोळं बघून व्हय म्हनूंदे. नायतर नाय म्हनूंदे. मला दागिन्यावर व्हय नको."

एक वाजायला वीस मिनिटं असताना, खाली विलासरावांचा फोन नंबर लिहून, तो एकटा पाठवला. लाइन तुटली नाही. आता वाट बघायची तर फोन मोकळा हवा, आणि फोन मोकळा ठेवायचा तर बाकीचे अकरा पाठवता येत नाहीत. आम्ही फोन मोकळा ठेवला. विलासरावांच्या बायकोनं पोहे आणले. कुणी खाल्ले नाहीत, त्या तिघा कंपनीवाल्यांनी सोडून. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. परक्या बाईच्या ब्रशासाठी आपला जीव इतका टांगणीला लागावा, याचं मला नवल वाटत होतं.

सव्वाला फोन वाजला. विलासरावांनी उचलला, "मस्कत!" म्हणून दत्ताभाऊंना दिला. दत्ताभाऊंनी ऐकलं आणि तो काकूंपुढे धरला. "आखणी केली त्यांना द्या म्हनतात."

पाटणकर इतक्या मोठ्यानं बोलत होते की मस्कतहून फोनशिवायही ऐकू आलं असतं.

"काकू, गेल्या वर्षी मी लिहिलं होतं, डोळ्यांत भाव नाहीत."

"व्हय. पाठ हाय मला."

"आत्ता आम्ही सहा जण बसलोय. माझ्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर फोटो लावलाय. खरं सांगतो, मुंबईच्या कारखान्याला हो म्हणायचं आमचं कालच ठरलं होतं. तुम्हाला ‘नाही’ म्हणून कळवायचं, एवढंच काम उरलं होतं."

काकूंनी खुर्चीचा हात धरला. 

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय काकू, तो बघतोय ना! मी दाराशी जाऊन उभा राहिलो, तिथंही बघतोय. आमच्या खजिनदारांनी चपला काढल्यात. पाव तास झाला, कुणी बोलतच नाहीये. आता त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"मग नका म्हनू," सुमनकाकू म्हणाल्या, आणि अशा रडायला लागल्या की पुढचं बोलायला फोन दत्ताभाऊंना घ्यावा लागला, आणि दत्ताभाऊ तर आधीपासूनच रडत होते.